मोकळा आकार

बाई,

काल मी दातांना तारा बसवून घेतल्या. बेचाळिसाव्या वर्षी. बडोद्याच्या सयाजीगंजमधला दवाखाना, दोन्ही बाजूंना गणवेशातली शाळकरी मुलं आपापल्या आयांना टेकून बसलेली, आणि मीही कुणाची तरी आई म्हणून आलेय असं समजून बाहेरच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, "पेशंट क्यां छे, बेन?" मी म्हटलं, "हुं ज छुं," मीच. तिला हसू आलं, ते तिने लपवलं नाही, म्हणून मग मीही हसले. आत गेल्यावर डॉक्टरीणबाई काम करता करता म्हणाल्या, इतकी वर्षं कशाला थांबलात? माझं तोंड तेव्हा उघडं होतं आणि त्यांचे दोन्ही हात त्यात होते, त्यामुळे उत्तर द्यावं लागलं नाही. बरंच झालं. उत्तर माझ्याकडे नव्हतंच. रिक्षाने घरी येताना मी ते मनातल्या मनात जुळवत होते, एकेक वाक्य खोडत होते, आणि फतेहगंजच्या पुलावर ध्यानात आलं की हे सगळं मी तुम्हालाच सांगतेय. तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. पण माझ्या दातांची गोष्ट तुमच्याशिवाय पुरती कुणाला ठाऊक नाही, आणि तुम्ही तर त्यांच्याबद्दल एक शब्दही कधी बोलला नाहीत.

मी तुमच्याकडे गाणं शिकायला आले तेव्हा बारा वर्षांची होते. बाबा प्रतापनगरच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर. आम्ही क्वार्टरमध्ये राहणारे, साताऱ्याकडून बदली होऊन आलेले, बडोद्यात अजून नवखे. तुम्ही दांडिया बाजारातल्या, संस्थानच्या फौजेत पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केलेल्या घरातल्या, संगीताच्या कॉलेजातून नुकत्याच निवृत्त झालेल्या. आई मला घेऊन आली त्या संध्याकाळी तुम्ही दार उघडलंत, आणि आई बोलायचं ते विसरूनच गेली. परत जाताना बसमध्ये तिने गाण्याचं, फीचं, वेळेचं काही काढलं नाही. एवढंच म्हणाली, "काय रूप आहे गं बाईंचं, या वयात!" पुढे बडोद्यातल्या जुन्या माणसांकडून मी हे अनेकदा ऐकलं, की बाईंच्या कार्यक्रमाला निम्मे लोक ऐकायला यायचे आणि निम्मे बघायला. तुम्हाला हे माहीत होतं. कुणी तुमच्यासमोर बोललं की तुमच्या कपाळावर आठी यायची. पण ती आठी फार खोल नसायची, हेही मी तेव्हाच पाहिलं होतं. मुली अशा गोष्टी लवकर पाहतात, त्यातून माझ्यासारख्या तर फारच लवकर.

माझ्यासारख्या म्हणजे, पुढे आलेल्या दातांच्या. वरचे चार, ओठांत न मावणारे. शाळेत मला फावडं म्हणत. घरी कुणी काही म्हणत नसे, फक्त फोटोच्या वेळी आई जवळ येऊन हळूच सांगायची, "ओठ मीट गं, राणी." प्रेमानेच सांगायची. शाळेतल्या मुलांचं बोलणं वाईटपणाचं आहे असं म्हणून उडवून तरी लावता यायचं, आईच्या प्रेमाचं काय करणार? ती म्हणतेय म्हणजे ते खरंच असणार. म्हणून मी ओठ मिटून हसायला शिकले, मग ओठ जवळ ठेवून बोलायला, आणि तुमच्याकडे येईपर्यंत ओठ जवळ ठेवून गायलाही शिकले होते.

आणि तुमच्याकडे आरसा होता. गाताना तोंड वेडंवाकडं होणं तुम्हाला अजिबात खपत नसे. मुद्रादोष म्हणायचात तुम्ही त्याला. कपाटाच्या दारावरच्या मोठ्या आरशासमोर तुम्ही एकेकीला बसवायचात. भुवया खाली. मान स्थिर. जबडा सैल. ऐकणाऱ्याने डोळे मिटले काय नि उघडे ठेवले काय, त्याला त्रास होता कामा नये, हे तुमचं म्हणणं. माझी पाळी आली तेव्हा तुम्ही तानपुरा मांडीवर घेऊन मागे बसला होतात. "आकार मोकळा लाव," तुम्ही म्हणालात. "आ. दोन बोटं उभी मावली पाहिजेत तोंडात." मी तोंड उघडलं, आरशात दात दिसले, मी तोंड मिटलं. पुन्हा. पुन्हा तेच. मागे कुणीतरी खुसखुसलं. तुमचा आवाज चढला. "आवाज आहे तुझ्याकडे, पण तू तो ओठांआड कोंडून ठेवतेस. कुणासाठी राखून ठेवलायस? ऊठ. बाहेर जाऊन बस."

मी बाहेर पायरीवर, सगळ्यांच्या चपलांजवळ बसले. परत यायचं नाही असं ठरवूनही टाकलं. शिकवणी सुटली, मुली निघून गेल्या, आणि तुम्ही येऊन त्याच पायरीवर बसलात, साडी आवरून, माझ्यापेक्षा एक पायरी खाली. तुम्ही रागावलेल्या नव्हता. विचारलंत, "आरशात काय दिसतं तुला?" माझा हात आपोआप तोंडावर गेला. तुम्ही त्या हाताकडे पाहिलंत, मग रस्त्याकडे. "बरं," म्हणालात. एवढंच. दुसऱ्या दिवशी माझी चटई खिडकीपाशी होती, आरशाकडे पाठ करून. मुलींनी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "हिचा आवाज बाहेर जायला हवाय, म्हणून." आणि मला, तानपुरा जुळवता जुळवता, कुणाला ऐकू जाणार नाही असं, "डोळे मीट आणि उघड तोंड. मी पण बघत नाही." बाई, नंतर मला आयुष्यात माणसांनी पुष्कळ काही दिलं, पण त्या चटईइतकं नेमकं कुणी काही दिलं नाही.

पाच वर्षं मी त्या खिडकीत गायले. तुम्ही कौतुक करणाऱ्यांतल्या नव्हता. पण एकदा माझा भीमपलास संपल्यावर तुम्ही मुलींकडे वळून म्हणालात, "हं. आता असं," आणि मी घरापर्यंत सायकल चालवत गेले की उडत गेले ते मला आठवत नाही. गाताना मला तोंडच नसायचं. फक्त आवाज असायचा, आणि तो मला आवडायचा.

मग त्या वर्षीचे गणपती आले. मी सतरा वर्षांची. मराठी मंडळींच्या एका गणेशोत्सवात तुम्ही मला पाऊण तास गायला बसवलंत. आई माझ्या केसांत गजरा माळतेय, बाबा वर्कशॉपमधून अर्धी रजा टाकून आलेत, तुम्ही पहिल्या रांगेत. मी डोळे मिटून गातेय. कॅमेरा होता, ते मला दिसलंच नाही. शहरातल्या एका केबलवाल्याने कार्यक्रमाचं शूटिंग केलं होतं आणि विसर्जनापर्यंत तो ते रोज लावत राहिला. क्वार्टरमध्ये घरोघरी टीव्ही चालू आणि त्यात माझा चेहरा, पडदाभर, जवळून, तोंड पूर्ण उघडं, डोळे मिटलेले. मी पहिल्यांदा ते पाहिलं शेजारच्या काकूंकडे, प्रसादाची वाटी हातात घेऊन. काकू म्हणाल्या, "किती छान गातेस गं!" आणि त्यांच्या मुलाने आवाज बंद करून नुसतं चित्र ठेवलं आणि माझ्याकडे बघून तसंच तोंड उघडलं. काकूंनी त्याला चापट मारली. पण मी पाहिलं होतं. आवाज नसताना मी कशी दिसते ते मी पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी वाण्याकडे गूळ आणायला गेले तर दुकानातला माणूस खुशीने ओरडला, "अरे, टीवीवाळी बेन! पेली दांतवाळी!" टीव्हीवरची ताई, ती दातवाली. त्याला तर मला मानच द्यायचा होता. मी गूळ न घेता परत आले.

त्यानंतरचं वर्ष मला सलग आठवत नाही. कॉलेजात नाव होतं, जात नव्हते. तुमच्याकडे येणं थांबलं. बोलताना तोंडासमोर रुमाल. जेवायला स्वयंपाकघरात सगळ्यांबरोबर बसणं नको वाटू लागलं, कारण चावताना ओठ उघडतात. मी ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून बसायची, पुढे पुढे ताटच नको झालं. कपडे ढगळ झाले. सकाळ झालीय हे कळलं की छातीत धडधडायला लागायचं. बाबांनी रेल्वेच्या दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी अशक्तपणा सांगून टॉनिक दिलं. आईने दृष्ट काढली. बिचारी मिरच्या जाळत होती आणि रडत होती, आणि म्हणत होती की माझ्या पोरीला कुणाची नजर लागली. नजर तर लागलीच होती. पुढे पुष्कळ वर्षांनी मी एका समुपदेशक बाईंकडे वर्षभर गेले, तेव्हा या सगळ्याला नावं मिळाली, उपचार मिळाले, आणि हे मीच एकटीने भोगलेलं नाही हेही कळलं. तेव्हा आमच्या क्वार्टरमध्ये त्यासाठी कुणापाशी शब्द नव्हता. शब्द नसला की माणूस आजारी न ठरता हट्टी ठरतो.

वर्ष होत आलं तेव्हा तुम्ही आलात. तीन जिने चढून, धापा टाकत. आईने तुम्हाला एकुलत्या एक खुर्चीवर बसवलं आणि आपल्याला दोघींना सोडून ती बाहेर गेली. तुम्ही म्हणालात, "चल उद्यापासून. दिसण्याचं काय एवढं घेऊन बसलीस? गाणाऱ्याचं गाणं बघायचं." खरंच तुम्हाला वाटत होतं तसं. आणि मी, जी तुमच्यासमोर कधी मान वर करून बोलले नव्हते, रुमालातूनच म्हणाले, "तुम्हाला काय कळणार, बाई? तुम्ही सुंदर आहात."

तुम्ही चहा न घेता उठलात. जिन्यात तुमची पावलं खाली जाताना ऐकू येत राहिली.

त्याच हिवाळ्यात तुमच्या चेहऱ्यावरून वारं गेलं. सकाळी उठलात, चहाचा घोट घेतलात आणि तो ओठाच्या कोपऱ्यातून पदरावर सांडला, असं तुमच्या वहिनींनी, त्या वरच्या मजल्यावर राहायच्या, नंतर आईला सांगितलं. चेहऱ्याची उजवी बाजू खाली आली, डोळा मिटेना, तोंड डावीकडे ओढलं गेलं. शिकवणी बंद. मुली भेटायला गेल्या तर तुम्ही आतूनच निरोप पाठवलात, बरं नाही म्हणून. महिनाभराने आईने डाळ-ढोकळीचा डबा भरला, इथे राहून शिकली होती ती, आणि माझ्यापुढे ठेवला. "देऊन ये." मी म्हटलं, बाई कुणाला भेटत नाहीत. आई म्हणाली, "तूही कुणाला भेटत नाहीस." मी डबा उचलला.

दार तुम्हीच उघडलंत. पदर डोक्यावरून घेऊन तोंडावर आणलेला, एक हात त्यावर. मी रुमाल धरलेला. आपण दोघी उंबरठ्याच्या दोन बाजूंना तशाच उभ्या होतो, बाई, आणि कुणाला हसूही आलं नाही. "मऊ आहे," मी डबा पुढे करत म्हटलं, "चावावं लागणार नाही." तुम्ही आत ये म्हणाला नाहीत, पण दार उघडं ठेवून वळलात. मी मागोमाग स्वयंपाकघरात आले. तुम्ही दोन ताटल्या घेतल्यात, वाढलंत, आणि आपली घेऊन ओट्याकडे तोंड करून स्टुलावर बसलात, माझ्याकडे पाठ. मला ती पाठ ओळखीची वाटली. मी तशीच बसायची. मीही माझा पाट फिरवला आणि दाराकडे तोंड करून बसले. आपण पाठीला पाठ लावून जेवलो. मधूनच तुमच्या तोंडातून ढोकळीचा तुकडा निसटून ताटलीत पडल्याचा आवाज आला. तुम्ही थांबलात. मी थांबले नाही, खात राहिले, जरा आवाज करूनच. मग तुमचाही चमचा पुन्हा वाजायला लागला. वर्षभरात मी पहिल्यांदा दुसऱ्या माणसाबरोबर बसून पोटभर जेवले.

जेवण झाल्यावर, अजून पाठमोऱ्याच, तुम्ही बोललात. ओठ नीट जुळत नव्हते, प आणि म विरघळून जात होते, तरी मला सगळं समजलं. "त्या दिवशी तू म्हणालीस ना, तुम्ही सुंदर आहात. मी रागावले नव्हते. घरी आले आणि आधी आरशासमोर गेले. बरं वाटलं होतं मला. तू तशी तोंड झाकून बसलेली, आणि मला बरं वाटलं होतं. त्याची मग फार लाज वाटली." मी ताटल्या घासायला घेतल्या. तुम्ही म्हणालात, "आणि आता वहिनी म्हणते, साठी उलटली, आता चेहऱ्याचं काय घेऊन बसायचं. लोकांना वाटतं, साठीनंतर बाईला चेहरा नसतो." मला हे वाक्य आजही उठता-बसता आठवतं. तीन जिने चढून येऊन तुम्ही मला जे म्हणाला होतात, तेच आता कुणीतरी तुम्हाला म्हणत होतं.

मग मी तुम्हाला रिक्षात घालून विजेच्या शेकासाठी दवाखान्यात नेऊ लागले. पदर तुमच्या तोंडावर, रुमाल माझ्या, रिक्षावाला बिचारा आपल्या गाडीतून वास येतोय की काय म्हणून एकदा थांबून मागे बघायला लागला, आणि त्या वेळी मात्र तुम्ही हसलात. फुस्सकन, एका बाजूने. तिथल्या मुलीने व्यायाम शिकवले. गाल फुगवा, शीळ घाला, आ म्हणा, ई म्हणा, ऊ म्हणा, सगळं आरशात बघून, दिवसातून पुष्कळदा. घरी आल्यावर तुम्ही कपाटासमोर उभ्या राहिलात आणि तुम्हाला ते जमेना. "मला नाही बघवत," तुम्ही म्हणालात. त्या आरशासमोर तुम्ही किती मुलींना बसवलं होतं! मी तुमच्या शेजारी जाऊन उभी राहिले. ठरवून नव्हे. तुम्ही पडाल असं वाटलं म्हणून. "आपण दोघी म्हणू," मी म्हटलं. रुमाल खाली ठेवला. तुम्ही पदर सोडलात. आ. तुमचं तोंड डावीकडे गेलं, माझे दात बाहेर आले, आणि आरशात आपण जशा होतो तशा दोघी दिसलो. ई. ऊ. पुन्हा आ. तुमचं सगळं लक्ष तुमच्या ओठांच्या कोपऱ्यावर होतं, माझंही त्याच कोपऱ्यावर, आज केसभर तरी हलला का बघायला. दहा-बारा दिवसांनी माझ्या ध्यानात आलं की मी रोज आरशासमोर तोंड उघडून उभी राहते आणि मला काही होत नाही. म्हणजे होत होतं, पण थोडं. सोसवेल इतकं.

शब्द तुम्हाला म्हणता येत नव्हते, म्हणून तुम्ही त्या व्यायामाचेच स्वर केलेत. सा वर आ. रे वर आ. नुसता आकार. तुमचा आवाज तसाच होता, बाई, त्याला काही झालं नव्हतं. वाकड्या तोंडातून सरळ सूर निघत होता आणि तुम्ही स्वतःच चकित होऊन ऐकत होतात. एका संध्याकाळी मी सोबत म्हणता म्हणता पुढे गेले, तुम्ही थांबलात, आणि मी गातच राहिले. संपल्यावर तुम्ही म्हणालात, "जबडा घट्ट झालाय. सारखं बस." बडोद्याच्या मराठीतलं ते 'सारखं', म्हणजे नीट. मी वर्षभर कुणाचं काही ऐकलं नव्हतं. नीट बसले.

सगळं छान झालं असं मी लिहिणार नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. तुमचा चेहरा सुधारला, पण पुरता आला नाही. थकलात की तोंड ओढलं जायचं. शिकवणी पुन्हा सुरू झाली तेव्हा तुम्ही मुलींना तुमच्या डाव्या बाजूला बसवायला लागलात, आणि आरशावर एक जुनं लुगडं टाकलंत. काही दिवस तुम्ही दारच उघडायचा नाहीत आणि मी पायरीवर बसून राहायची. माझंही तसंच. कॉलेजात जायला लागले, रुमाल सुटला, पण वर्गात प्रश्न विचारायला हात वर करायची हिंमत व्हायला वर्ष गेलं. पुढच्या गणपतीत त्याच मंडळाने तुमचा सत्कार ठरवला. तुम्ही नाही म्हणालात आणि माझं नाव सुचवलंत. मी गायले. कॅमेरावाला होता. गाण्याआधी मी त्याच्यापाशी जाऊन म्हटलं, "भाई, दूरथी लेजो ने," लांबून घ्या. त्याने मान हलवली आणि घ्यायचं तसंच घेतलं. या वेळी मी केबल बघितलं नाही, आणि गूळ आणायला दुसऱ्या दुकानात गेले. तुम्हाला हे पळणं वाटेल. मला तेव्हा ते पुरेसं वाटलं. रात्री तुम्ही एवढंच विचारलंत, "आकार?" मी म्हटलं, "मोकळा."

आता मी एका शाळेत संगीत शिकवते, संध्याकाळी घरी मुली येतात. त्यांच्या हातात फोन आहेत, बाई, आणि त्या फोनमध्ये चेहरा गोरा करणारी, नाक बारीक करणारी, दातही सरळ करणारी सोय आहे. त्यातली एक, फार सुरेल मुलगी, रियाज पाठवते तो नेहमी नुसत्या आवाजाचा, चित्राशिवाय. बाकीच्या चित्रासकट पाठवतात. मी तिला एकदाही विचारलं नाही. तिच्या आईला मात्र बोलावून घेतलं, आणि माझ्या त्या समुपदेशक बाईंचा पत्ता दिला. आई आधी चिडली, मग रडली. मुलगी आता तिकडे जाते. गाण्याने सगळं बरं होतं असं मी समजत नाही. आपण दोघी निव्वळ गाण्याने बऱ्या झालो नव्हतो. मला डाळ-ढोकळी लागली होती, तुम्हाला विजेचा शेक, आणि मला पुढे औषधंही घ्यावी लागली.

मग आता तारा कशाला, असं तुम्ही विचाराल. नवऱ्यानेही विचारलं. "मला तर तू अशीच आवडतेस," असंही म्हणाला, आणि ते खरं आहे, वीस वर्षं रोज दिसतंय मला. पण आवडण्याचा प्रश्नच नव्हता. लहानपणी हे करायचं म्हणजे बाबांना परवडलं नसतं, तरुणपणी केलं असतं तर हरल्यासारखं वाटलं असतं. आता माझं दातांशी भांडण उरलेलं नाही, म्हणून करता आलं, असं मी म्हणते. निदान लोकांना सांगायला हे उत्तर बरं आहे. तुम्हाला सांगते, त्यात थोडी हौसही आहे. साधी, बायकी हौस. तुम्ही यावर हसला असतात असं मला वाटतं, कारण हौस काय असते ते तुम्हाला माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त माहीत होतं.

एक सांगायचं राहिलंय. तुमच्या शेवटच्या वर्षी डभोईला तुमच्या भाचीचं लग्न होतं. तुम्हाला एकटीने नको होतं, म्हणून मला घेऊन गेलात. आजारपणानंतर तुम्ही एकही फोटो काढू दिला नव्हतात. कॅमेरा दिसला की तुम्हाला नेमकं स्वयंपाकघरातलं काहीतरी आठवायचं. मांडवात सगळे फोटोसाठी ओळीत उभे राहिले, नवरी मागे वळून हाका मारत होती, "मावशी, तुझ्याशिवाय नाही काढायचा!" तुम्ही मला हाताला धरून बाजूच्या खोलीत नेलंत, गाद्या रचलेल्या त्या खोलीत, दार लोटलंत, आणि माझ्यासमोर चेहरा धरून उभ्या राहिलात, लहान मुलं हातपाय धुतल्यावर दाखवायला उभी राहतात तशा. "खरं सांग," म्हणालात. "सरळ दिसतं का गं आता?"

"हो," मी म्हटलं. "अगदी सरळ."

तुम्ही जाऊन मधोमध बसलात आणि हसलात. तोच फोटो तुम्ही गेल्यावर तुमच्या घरी भिंतीवर लागला, कारण आजारपणानंतरचा दुसरा नव्हताच. लोक म्हणायचे, बाईंचा यापेक्षा चांगला फोटो मिळाला नाही का?

बाई, ते सरळ नव्हतं. पण तुम्ही विचारलंत तेव्हा मी ओठांकडे बघतच नव्हते. डोळा मिटेनासा झाल्यापासून डॉक्टरांनी तुमचं काजळ बंद केलं होतं, आणि त्या दिवशी तुम्ही काजळ घातलं होतं, दोन्ही डोळ्यांत, जरासं फिसकटलेलं. मी हो म्हटलं ते त्या काजळाला.